शाबूत पायाचा मास्तर

बायकोला सांगितलं नाही. सख्ख्या भावाला सांगितलं नाही. ज्या दोघांबरोबर रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जातो, त्यांना तर नाहीच. आता पन्नाशीला आलो आणि लिहितो आहे: खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या त्या तक्त्यावर निळ्या पेन्सिलीनं ज्या खुणा होत्या, त्या माझ्या हातच्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक खोट्या होत्या. एका माणसानं त्या खुणांवर विश्वास ठेवला आणि आयुष्यभर जे ओळखलं होतं ते सोडून दिलं.

तो माणूस कसा होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळायचं नाही.

श्रीरामपुरात तेव्हा हाडांचं एक खाजगी इस्पितळ होतं. आता नाही, त्या जागी दुकानांचे गाळे आहेत. तीस खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सबाई आणि मी ब्रदर. सव्वीस वर्षांचा, नेवाशाकडच्या शेतकरी घरातला, आमच्या भावकीत पहिला प्रमाणपत्रवाला. पांढरा डगला मी स्वतः इस्त्री करायचो. आणि तिथं प्लास्टर घालायला हा माणूस होता. शाळेशी त्याचा संबंध नव्हता. प्लास्टरमास्तर म्हणता म्हणता लोकांनी पुढचं गाळलं आणि नुसता मास्तर राहिला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटकुळे, हातांच्या नखांत कायम चुना. पूर्वी लष्कराच्या इस्पितळात ऑर्डर्ली होते, तिथं हे काम उचललं. कागद म्हणाल तर एकही नाही.

मी कामाला लागलो त्या दिवशी ते इस्पितळाच्या ओसरीवर एका पायावर उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून धरलेला. मला वाटलं, काही लागलं असेल.

"मास्तर, बाक मोकळं आहे की," मी म्हणालो.

"माझे पाय काय सुट्टीवर गेलेत का?" असं म्हणून त्यांनी पान उलटलं आणि पायही बदलला.

हा माणूस बसायचा नाही. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. एस.टी. स्टँडवर गाडी तासभर उशिरा असली तरी हे आपले बगळ्यासारखे कधी या पायावर, कधी त्या. पोरं मागून "बगळा, बगळा" ओरडायची. हे मागं वळून म्हणायचे, "या रं इकडं, कोण जास्त टिकतो बघू." आणि खरोखरच पैज लावून उभे राहायचे. पोरं दोन मिनिटांत डगमगायची.

दुसरं खूळ पोटऱ्यांचं. आठवडी बाजारात ते माणसांची तोंडं बघायचेच नाहीत. चार पावलं मागून चालायचे आणि पोटऱ्या बघून माणूस सांगायचे. "ही बाई लांबून पाणी आणते." "हा गडी नुकताच आजारातून उठलाय." "हा कचेरीतला, दिवसभर खुर्चीत." मी पुढं जाऊन खात्री करायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. एकदा एका बाईच्या नवऱ्यानं त्यांची गचांडी धरली. मास्तर म्हणाले, "अहो, पोटरी बघत होतो, बाई नाही." त्यानं प्रकरण आणखी पेटलं. मीच मध्ये पडून त्यांना सोडवलं. परत येताना ते कुरकुरत होते, "धोतरं होती तोवर बरं होतं. ह्या टेरिलिनच्या पँटी आल्या आणि माणसं ओळखू येईनाशी झाली."

रविवारी त्यांच्या घरी मला जेवायला बोलावणं असायचं. घर म्हणजे स्टेशनच्या पलीकडं दोन खोल्या, पुढं थोडं अंगण. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणायचो. सकाळी चर्चला जाऊन आल्यावर मावशी कोंबडी शिजवायच्या. आमच्या घरी माळकरी बाप, त्यामुळं माझं हे सगळं चोरून. मास्तरांच्या हातात एक तंगडी आणि एक छातीचा तुकडा असायचा, आणि मास्तर अर्थातच उभे.

"सांग ब्रदर, ही काळपट का आणि ही पांढरी का?"

"मसाल्यानं?"

मावशी तोंडाला पदर लावून हसायच्या.

"मसाला दोघींना एकच लावलाय तुझ्या मावशीनं. अरे, कोंबडी दिवसभर करते काय? उभी राहते. उकिरड्यावर उभी, अंगणात उभी. उडते किती? कुत्रं मागं लागलं तर कुंपणापर्यंत. म्हणजे छातीला काम घटकाभराचं, पण जोराचं. पायाला काम दिवसभराचं, पण सावकाश. म्हणून मांस दोन जातींचं. एक झटक्याचं, एक दमाचं."

"आता ते दमाचं त्याला खाऊ द्या," मावशी म्हणायच्या. "गार होतंय."

"आणि माणसात?" मी विचारलं होतं.

तुकडे ताटात ठेवून ते खाली वाकले आणि उष्ट्या हातानं त्यांनी माझी पोटरी धरली. "माणसात दोन्ही मिसळलेलं. पण सारखं नाही. ही वरची फुगीर पोटरी दिसते ना, हिच्यात झटक्याचं पुष्कळ. पळताना, उडी मारताना हीच. आणि हिच्याखाली दडलेली दुसरी एक आहे, चपटी. ती सगळी दमाची. नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी ती राबते. आता बोल. माणूस तीन महिने खाटेवर पडला, तर यातलं आधी काय जाईल?"

मी प्रमाणपत्रवाला. लगेच म्हणालो, "झटक्याचं. आजारी माणसाचा जोरच जातो."

"सगळे हेच म्हणतात. डॉक्टरसाहेबही हेच म्हणतात. चूक. आधी दमाचं जातं. ते रोज राबणारं, त्याला सुट्टी मानवत नाही. झटक्याचं मुळातच ऐदी. पडून राहिलं तर त्याला कुठं कळतंय?"

हे त्यांना कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. प्लास्टर कापायचं कामही त्यांचंच होतं. कवच उघडलं की पहिल्यांदा ते अंगठा घालायचे, पोटरीच्या खाली, बाजूनं, आत. वरची पोटरी वाळलेली असायचीच, पण आतली जवळजवळ गेलेली असायची. "वरची कच्च्या पेरूसारखी लागते, आतली पिकून पडलेल्या पेरूसारखी," असं ते सांगायचे. पाय झटकायला सांगितला की पेशंट चांगला झटकायचा. उभं केलं की अर्ध्या मिनिटात लटपटायचा. वर्षानुवर्षं हे अंगठ्याखाली बघून त्यांनी आपलं ताडलं होतं.

पण त्यांचं खरं वेड पुढंच होतं. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्या काळी तीन महिने पाठीवर असायचा, पाय वर टांगलेला, वजन लावलेलं. मोडलेल्या पायाकडं सगळ्यांचं लक्ष. मास्तर मात्र दुसरा पाय धरायचे, जो धडधाकट होता.

एकदा राहुरीकडच्या एका पेशंटचा चुलता भडकला. "ओ मास्तर, डोळं हायती का? मोडलाय त्यो उजवा!"

"माहीत आहे."

"मंग ह्यो डावा काय म्हून दाबताय?"

"उजव्याला वजन आहे, डॉक्टर आहे, औषध आहे. डाव्याला कोण आहे? तोही तीन महिने झोपलाय, बिनगुन्ह्याचा. उठायच्या दिवशी सगळा भार कुणावर पडणार?"

चुलत्यानं डोकं खाजवलं. "व्हय, ह्ये बी हाय."

"मोडलेला पाय डॉक्टरांचा," मास्तर म्हणायचे, "शाबूत पाय माझा."

या शाबूत पायासाठी त्यांनी फळी केली होती. फळांच्या खोक्याची जाड पाटी, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे, आणि ते पट्टे खाटेच्या लोखंडाला बांधलेले. पेशंटनं झोपल्याझोपल्या चांगल्या पायाचा तळवा फळीला लावायचा आणि ट्यूब खडूच्या खुणेपर्यंत ताणली जाईल इतकं दाबून धरायचं. जोर लावायचा नाही, झटके द्यायचे नाहीत. जमिनीवर उभं असल्यासारखं नुसतं धरून ठेवायचं, अर्धा तास. दुपारी तीनला, पाचला आणि सातला. कुणीतरी पायाशी बसून खुणेकडं बघत राहायचं, कारण पेशंटला वाटतं आपण दाबतोय आणि पाय कधीच ढिला पडलेला असतो. झालं की तक्त्यावर एक निळी खूण.

दुष्काळी कामं चालू होती ती वर्षं. खडी फोडताना, दगड वाहताना मोडलेली माणसं एकामागून एक यायची. पाथर्डीकडची एक म्हातारी होती. तिला अर्धा तास म्हणजे काय ते कळेना. मास्तरांनी विचारलं, "आजी, जात्यावर बसल्यावर पायलीभर दळायला किती ओव्या लागतात?" म्हातारीनं हिशेब सांगितला. "मग तेवढ्या म्हणा, आणि तोवर पाय काढायचा नाही." म्हातारी दिवसातून तीनदा सगळ्या वॉर्डला ओव्या ऐकवायची. सून पायाशी बसून खूण बघायची. उठायच्या दिवशी म्हातारी कुबड्या घेऊन एका पायावर इतका वेळ उभी राहिली की शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजी, बसा आता, मला घरी जायचंय."

डॉक्टर पुण्यात शिकलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांना मास्तरांची गंमत वाटायची. "चालू द्या तुमचं, फक्त माझ्या पायाला हात लावू नका," असं म्हणायचे. पण म्हातारीनंतर ते थोडे विचारात पडले. मास्तरांनी संधी साधली. म्हणाले, साहेब, तीसच्या तीस खाटांना फळ्या लावू द्या आणि पायाशी बसायला दोन माणसं द्या.

"म्हातारीचं वजन ते काय मास्तर," डॉक्टर म्हणाले. "हा आठ नंबरचा ड्रायव्हर बघा, दोन पोत्यांचं धूड. हा पहिल्या दिवशी आपल्या एका पायावर पाच मिनिटं उभा राहिला, तर तीस खाटांना फळ्या. नाही राहिला तर आहेत त्याही काढायच्या. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. त्या दिवशी इतके खूश होते की प्लास्टरच्या खोलीत शिट्टी वाजवत होते.

आठ नंबरचा ड्रायव्हर जामखेडकडच्या खर्डा गावचा. नोकरी श्रीरामपूरच्या एस.टी. डेपोत. टपावर कांद्याची पोती नीट बांधली नाहीत म्हणून कंडक्टरशी भांडून स्वतःच वर चढला आणि पोत्यासकट खाली आला. उजवी मांडी मोडली. बायको पोराबाळांना आणि जनावरांना घेऊन गावाकडं, त्यामुळं त्याच्या पायाशी बसायला कुणी नव्हतं. ते काम माझ्यावर आलं. माझी पाळी दुपारी दोन ते रात्री नऊ, म्हणजे तिन्ही वेळा माझ्याच.

आता मन घट्ट करून लिहितो. मला त्या कामाचा कंटाळा नव्हता. मला लाज वाटायची. इस्त्रीचा डगला घालून मी एका ड्रायव्हरच्या तळव्याशी स्टूल टाकून दीड तास बसायचं, भेटायला आलेल्या लोकांनी मला गडी समजायचं, आणि हे सांगणार कोण, तर ज्याच्याकडं चिटोरंही नाही असा प्लास्टरवाला. त्यांच्या घरची कोंबडी खाताना हे मनात यायचं नाही. वॉर्डात यायचं.

पहिला आठवडा मी बसलो. मग एका दुपारी ड्रायव्हरच म्हणाला, "ब्रदर, आज ऱ्हाऊ द्या की. लई रग लागलीया. हिकडं उशाकडं बसा, तुमास्नी सौताड्याच्या उताराची गंमत सांगतो."

माणूस बोलायला बहारदार. ब्रेक न लागलेली गाडी, तिच्यात लग्नाचं वऱ्हाड, नवरदेवाची मामी, असं काय काय. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. अर्धा तास कधी गेला कळलं नाही. उठताना मी तक्त्याकडं बघितलं. मोकळा चौकोन दिसत होता. मी पेन्सिल घेतली आणि खूण केली.

"शाब्बास," ड्रायव्हर म्हणाला आणि डोळा मारला.

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी उशाशी, तो गोष्टीत. खुणा वेळच्या वेळी. माझ्या सुट्टीच्या दिवशी मात्र मास्तर स्वतः करून घ्यायचे, तेवढ्याच खुणा खऱ्या. त्या दिवशी ड्रायव्हर पाच मिनिटांत थरथरायला लागायचा आणि सांगायचा, "आज अंगात कणकण हाय मास्तर."

रविवारी दुपारी जेवण झालं की माझ्याबरोबर वॉर्डात येऊन मास्तर त्याच्या पोटरीत अंगठा घालून बघायचे. दीड महिन्यानंतर एकदा मला बाजूला घेतलं.

"ब्रदर, आतली मऊ लागतेय रे. असं व्हायला नको."

त्यांनी तक्ता हातात घेतला, एकेका चौकोनावरून बोट फिरवलं. सगळे भरलेले. कितीतरी वेळ ते त्या तक्त्याकडं बघत राहिले. एकदा पोटरीकडं, एकदा तक्त्याकडं. मग म्हणाले, "वजनदार गडी आहे. त्याला अर्धा तास पुरत नसणार. उद्यापासून पाऊण तास कर."

मी होय म्हणालो. त्या क्षणी सांगता आलं असतं. निम्मे दिवस शिल्लक होते, पाय सुधारला असता. मी पाऊण तासाच्या खुणा करायला लागलो.

उठायच्या दिवशी वॉर्डात गर्दी होती. खर्ड्याहून त्याची बायको आली होती, डेपोतले दोघे आले होते. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. डॉक्टरांनी आधी त्याला खाटेवरच डाव्या पायानं लाथ मारायला सांगितली, स्वतःचा तळहात पुढं धरून. ड्रायव्हरनं अशी हाणली की डॉक्टर दोन पावलं मागं गेले. सगळे हसले.

"मास्तर, जिंकलात की! क्लच काय, भिंत पाडेल हा."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, लाथेला झटका लागतो. उभं करा."

दोन्ही बगलांत कुबड्या दिल्या, उजवा पाय अधांतरी. मी उजवीकडं, मास्तर समोर. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. ड्रायव्हर उभा राहिला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "बग, आलो का न्हाई उठून?" तो तिला म्हणाला.

मास्तर त्याच्या तोंडाकडं बघत नव्हते. ते गुडघ्यावर बसून पोटरी बघत होते. त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं. "बसवा! बसवा त्याला!" ते ओरडले, आणि त्याच वेळी तो डावा पाय खालून काढून घेतल्यासारखा गेला. कुबडी सटकली. मी हात घातला पण माझ्या हाताला नुसती बंडी आली. तो जोडलेल्या मांडीवर पडला. हाडांचे आवाज मी नंतर पुष्कळ ऐकले, पण तो एक विसरता येत नाही.

त्याला उचलून खाटेवर घेतलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. "तीन महिने फळी, मास्तर," ते म्हणाले. "तीन महिने! आणि हे?"

मास्तर माझ्याकडं वळले. आवाज अगदी साधा होता, त्यात संशय नव्हता.

"ब्रदर, फळी रोज झाली ना?"

खाटेवरून ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. दुखण्यानं ओठ चावलेला, पण नजर माझ्यावर. मी काय बोलतो याची तो वाट बघत होता.

"हो मास्तर," मी म्हणालो. "रोज."

ड्रायव्हरनं डोळे मिटून घेतले. तो एक शब्द बोलला नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "फळ्या काढा." मास्तरांनी स्वतःच काढल्या, संध्याकाळपर्यंत. ट्यूबचे पट्टे नीट गुंडाळून बादलीत ठेवले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "खुणा आहेत म्हणजे फळी झाली. फळी झाली म्हणजे माझंच डोकं चुकीचं. म्हातारीचं काय, ती मुळातच काटक असेल. इतकी वर्षं मी काय चाचपत होतो कोण जाणे."

"तसं नाही मास्तर," मी म्हणालो.

"मग कसं?"

मी उरलेला एक पट्टा गुंडाळून बादलीत टाकला. ते बादली उचलून गेले.

त्यानंतरही ते प्लास्टर घालत होते, पण शाबूत पायाला त्यांनी कधी हात लावला नाही. कवच कापलं की अंगठा न घालताच बाजूला व्हायचे. एक दिवस बघतो तर ओसरीवरच्या बाकावर बसून चहा पीत होते. नर्सबाई म्हणाल्या, "आज सूर्य कुठं उगवला?" ते म्हणाले, "दमलो जरा." मग रोज बसायला लागले. ड्रायव्हरचा पाय दुसऱ्यांदा जुळला तो दीड इंच आखूड. त्याचं गाडी चालवणं सुटलं, डेपोत फाटकावर बसवलं. त्याला फाटकावर बसलेला बघायला लागू नये म्हणून मास्तर बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायचे.

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी रविवारी जायचो, मग पंधरा दिवसांनी, मग सणाला. शेवटी शेवटी त्यांना उठताना मावशींचा हात लागायचा. एकदा मी त्यांना धरून आत नेलं तेव्हा माझा हात सहज त्यांच्या पोटरीवर पडला. कुठं दाबून बघायचं ते त्यांनीच शिकवलं होतं. मी हात काढून घेतला. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

ते गेल्यावर काही वर्षांनी नगरला आमच्यासारख्यांसाठी एक शिबिर होतं. एका तरुण डॉक्टरनं पडद्यावर स्नायूंची चित्रं दाखवली. म्हणाला, स्नायूत दोन तऱ्हांचे तंतू असतात, संथ आणि वेगवान. माणूस अंथरुणाला खिळला की उभं राहण्याच्या स्नायूंतले संथ तंतू आधी आणि जास्त बारीक होतात, आणि उरतात त्यांतलेही काही वेगवान तंतूंच्या वळणावर जातात. म्हणून पेशंटचा पाय जोरात हलतो पण भार पेलत नाही. म्हणून त्याला अंथरुणातच पायांवर भार घ्यायला लावा, दोन्ही पायांवर. शेजारचा म्हणाला, "ब्रदर, लिहून घेत नाही का?" मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

ड्रायव्हर मला एकदाच भेटला, जामखेडच्या स्टँडवर. निवृत्त झाला होता, जाड तळाचा बूट घातलेला. मला बघून आनंदानं हाक मारली, "ब्रदर! बसा, च्या घ्या." घरदार विचारलं. मग कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "म्हातारा चांगला हुता. आपुन दोगांनी बुडवला त्येला."

"तुम्ही कशाला," मी म्हणालो. "खुणा मी केल्या."

"आन् आळस कुनी केला? आसू द्या. मी माजं पायानं फेडलं. तुमचं तुमी बगा." हे तो रागानं नाही, चहाचा घोट घेता घेता म्हणाला. मग गाडी लागली आणि तो लंगडत गेला.

मावशी अजून आहेत. स्टेशनपलीकडच्या त्याच दोन खोल्यांत राहतात. नाताळच्या आधी मी जातो, त्या करंज्या देतात. गेल्या खेपेला मोहल्ल्यातली कुणी बाई बसली होती. तिला माझी ओळख करून देताना मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याबरोबर होता दवाखान्यात. हे फार हुशार होते गं, पण एक खूळ डोक्यात घेतलं आणि एका गरीब ड्रायव्हरचा पाय घालवला. तेच मनाला लावून बसले आणि बसल्या बसल्या गेले." मी करंजी खात होतो. खाऊन संपवली आणि उठलो.

त्यांना मी एवढं सांगायचं देणं लागतो: मावशी, मास्तरांचं बरोबर होतं. फळी झालीच नव्हती. खुणा मी खोट्या केल्या होत्या, त्यांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. तो पाय त्यांनी घालवला नाही, मी घालवला. हे इथं लिहिलं म्हणजे फिटलं असं मी धरत नाही. ते त्यांच्यासमोर बसून तोंडानं बोलायचं आहे, आणि ते मी अजून बोललेलो नाही.